दातांच्या लॅबमधून : कॅप धातूची की सिरॅमिकची?

मागच्या अंकात रूट कॅनॉल झालेल्या दातावर कॅप का घालावी लागते ते लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच विचारणा फिरून फिरून आली आहे : मेटल-सिरॅमिक घ्यावी की झिरकोनियाची, म्हणजे आत धातू नसलेली नुसत्या सिरॅमिकची, आणि हे ‘डिजिटल’ म्हणजे नेमकं काय? मी दंतवैद्य नाही. कोल्हापुरात सत्तावीस वर्षं डेंटल टेक्निशियन आहे. डॉक्टर माप पाठवतात, कॅप आम्ही बनवतो. तुमच्या दाताला काय हवं ते तुमचं तोंड तपासणारे डॉक्टरच ठरवतील. कॅप कशी बनते आणि कुठे बिघडते, ते मात्र मी सांगू शकतो.

प्रश्न : माझ्या वरच्या पुढच्या दातावर चौदा वर्षांपूर्वी मेटल-सिरॅमिक कॅप बसवली. दोन वर्षांपासून हिरडीजवळ काळी रेघ दिसते. वर्गात हसताना हात आपोआप तोंडावर जातो. डॉक्टर म्हणतात डिजिटल झिरकोनिया बसवू. खर्च मेटलच्या दुपटीहून जास्त आहे. रेघ खरंच जाईल का? — एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी ती रेघ कशाची आहे ते बघावं लागेल. मेटल-सिरॅमिक कॅप म्हणजे आत धातूची पातळ टोपी, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची. धातूचा करडा रंग झाकायला तिच्यावर पांढऱ्या अपारदर्शक रंगाचा थर, आणि त्याच्यावर दाताच्या रंगाचं पोर्सिलेन. काठाशी हे तिन्ही थर मावायला जागा नसते, म्हणून तिथे धातू उघडा राहतो किंवा पोर्सिलेन अगदी पातळ होतं. कॅप बसवली तेव्हा हा काठ हिरडीखाली लपलेला होता. वयानं हिरडी जरा वर सरकली आणि काठ उघडा पडला. रेघ अशी असेल, तर नव्या सिरॅमिक कॅपनं ती जाईल. झिरकोनिया काठापर्यंत पांढराच असतो. उद्या हिरडी आणखी सरकली तरी काळं दिसायला आत काही नाही.

पण रूट कॅनॉल झालेल्या दाताचं मूळ कधी कधी आतूनच काळपट झालेलं असतं, आणि हिरडी पातळ असेल तर तो काळेपणा तिच्यातून दिसतो. तसं असेल, तर कॅप कुठलीही घाला, सावली राहणार. जुनी कॅप काढल्यावर खालचा दात डॉक्टरांनी आरशात तुम्हाला दाखवावा, एवढं आधीच सांगून ठेवा. पैसे भरण्याआधी ही गोष्ट कळायला हवी, नंतर नव्हे.

आता ‘डिजिटल’बद्दल. हा शब्द झिरकोनियाला चिकटून आला, म्हणून लोकांना वाटतं की मेटल म्हणजे जुनं आणि सिरॅमिक म्हणजे डिजिटल. तसं नाही. डिजिटल म्हणजे कॅप कॉम्प्युटरवर आखायची आणि मशीनवर घडवायची. आज मेटलची टोपीसुद्धा कॉम्प्युटरवर काढता येते आणि कोबाल्ट-क्रोमच्या भुकटीतून लेझरनं घडवता येते. भुकटीचा एक थर केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, मग दुसरा थर. माझे वडील हुपरीला चांदीचं काम करायचे. मेणाचा नमुना, भोवती साचा, मेण जळून गेलं की पोकळीत वितळलेली चांदी. मी लॅबमध्ये आलो तेव्हा आम्हीही मेटल असंच ओतत होतो, फक्त चांदीच्या जागी निकेल-क्रोम. एखाद्या दिवशी ओतकामात हवेचा बुडबुडा राहायचा आणि अख्खं काम परत. लेझरवर तो त्रास जवळजवळ संपला.

झिरकोनियाचं उलटं आहे. त्याची चकती येते खडूसारखी, बोटाला पांढरी पूड लागेल अशी. मशीन तिच्यातून कॅप कोरतं, तीही वीस-पंचवीस टक्के मोठी. मग ती साधारण पंधराशे अंशांच्या भट्टीत जाते, आणि तासन् तास भाजून आक्रसून बरोबर मापाला येते. भट्टीतून निघालेली कॅप टेबलावर टाकली तर धातूसारखी खणकते. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी ती चार वेळा उचलून टाकून पाहिली होती.

तुमचा दात पुढचा आहे, तेव्हा तिसरं नावही विचारा : लिथियम डायसिलिकेट, ज्याला बाजारात ईमॅक्स म्हणतात. ते काचेच्या जातीचं सिरॅमिक. उजेड त्यातून खऱ्या दातासारखा आरपार जातो, आणि खालचा दात चांगल्या रंगाचा असेल तर पुढच्या एकट्या दातावर माझी पहिली पसंती त्याला. खालचा दात काळपट असेल किंवा आत धातूचा पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेली खुंटी, असेल, तर मात्र तेच आरपार जाणं अंगाशी येतं. तिथे झाकणारा झिरकोनिया बरा. टिकाऊपणाची काळजी नको. जगभरातल्या अभ्यासांचा 2015 साली एक मोठा आढावा झाला. त्यात पाच वर्षांनंतर शंभरातल्या 94 ते 95 मेटल-सिरॅमिक कॅप तोंडात टिकून होत्या, आणि या काचेच्या जातीच्या मजबूत सिरॅमिकच्या 96 ते 97. म्हणजे टिकण्यात दोन्ही बरोबरीत. तुम्ही जास्त पैसे देणार आहात ते दिसण्याचे, आणि पुढच्या दातासाठी ते देण्यासारखे आहेत असं मला मनापासून वाटतं.

रंग ठरवायच्या दिवशी सकाळची वेळ घ्या आणि खिडकीजवळ बसा. लिपस्टिक नको, भडक रंगाची साडी नको. रंग काम सुरू होण्याआधी बघून घ्यायचा, कारण तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. तसा रंग आमच्याकडे आला की कॅप शेजारच्या दाताहून उजळ बनते, आणि घरी गेल्यावर तुम्हाला ते खटकतं.

प्रश्न : खालची दाढ आहे, रूट कॅनॉल झालं. आम्ही ऊसवाले, दातानंच कांडं सोलतो. सुपारीपण आहे. मेव्हणे म्हणतात धातूच टिकतो, सिरॅमिक फुटतं. डॉक्टर म्हणतात दाढ बुटकी आहे, अखंड झिरकोनिया घालू. कुणाचं ऐकू? — एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, मेव्हण्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं पाहिलेलं असणार, आणि तेव्हाचं ते खरंही होतं. त्यात माझा हात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे झिरकोनिया आला तेव्हा तो दुधासारखा पांढराफटक होता. नुसता घातला तर दात चुन्यानं रंगवल्यासारखा दिसायचा. म्हणून आम्ही आत झिरकोनियाची टोपी करायचो आणि वर ब्रशनं पोर्सिलेन चढवायचो, मेटलवर चढवतो तसंच. एका बाईंच्या दाढेची अशी कॅप मी केली. टोपी सगळीकडे सारखी अर्धा मिलिमीटर ठेवली आणि दाढेचा उंचवटा पोर्सिलेननंच भरून काढला, दोन-अडीच मिलिमीटर, खाली आधार नसताना. वर भट्टीतून काढली तीही घाईनं. आठ महिन्यांत कोपऱ्याचा टवका उडाला. झिरकोनियाची टोपी शाबूत होती, फुटलं ते वरचं पोर्सिलेन. तो टवका बाईंनी कागदाच्या पुडीत जपून आणला होता. माझ्या हाताची चूक होती. डॉक्टरांकडून पैसे न घेता दुसरी करून दिली.

नंतर कारण कळलं. धातू उष्णता पटकन सोडतो, झिरकोनिया धरून ठेवतो. भट्टीतून घाईनं काढलं की वरच्या पोर्सिलेनमध्ये ताण अडकून राहतो. मेटल-सिरॅमिकमध्ये हे गणित फार आधी सुटलं होतं. अमेरिकेत 1962 साली त्याची पेटंटं झाली, त्यातलं मर्मच हे की पोर्सिलेन थंड होताना धातूपेक्षा किंचित कमी आक्रसावं, म्हणजे धातू त्याला चहूबाजूंनी दाबून धरतो. दाबाखालचं पोर्सिलेन सहज तडकत नाही. इतकी वर्षं मेटल-सिरॅमिक टिकलं ते यामुळे.

तुमचे डॉक्टर सांगताहेत ती कॅप वेगळी. अखंड झिरकोनिया म्हणजे वर पोर्सिलेन नाहीच, बाहेरून आतपर्यंत एकच माल. उडायला टवका नाही. ताकदीचा अंदाज देतो : चढवायचं पोर्सिलेन साधारण शंभर मेगापास्कलच्या आत मोडतं, ईमॅक्स चारशेच्या आसपास, आणि दाढेचा मजबूत झिरकोनिया हजाराच्या पुढे जातो. शिवाय त्याचा एक गुण असा की, तड पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण आपलं रूप बदलतात, चारेक टक्के फुगतात आणि तड आवळून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1975 साली हे दाखवून दिलं.

बुटकी दाढ हा तर झिरकोनियाच्याच बाजूचा मुद्दा. मेटल-सिरॅमिकला दाढेच्या माथ्यावरून दीड ते दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण धातू आणि पोर्सिलेन दोन्ही मावायला हवेत. अखंड झिरकोनियाचं एका मिलिमीटरमध्ये भागतं. आधीच बुटकी असलेली दाढ आणखी घासली तर कॅपला धरायला उरतं काय? दिसण्याची फिकीर नसेल आणि खर्च कमी करायचा असेल, तर अख्खी धातूची कॅपही विचारा. लोक लाजतात, पण मागच्या दाढेला ती आजही उत्तम आहे. मधली, म्हणजे मेटलवर पोर्सिलेन चढवलेली, ही मात्र ऊस सोलणाऱ्या दाढेसाठी मी सुचवणार नाही.

बाजारात सगळ्यालाच झिरकोनिया म्हणतात, त्यात ढोबळमानानं दोन जाती आहेत. पुढच्या दातासाठीचा जास्त पारदर्शक असतो आणि ताकदीनं बराच कमी. दाढेला मजबूत जात हवी. कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा, हे बिलावर लिहून मागा. कार्डावर दहा-पंधरा वर्षांची गॅरंटी दिसेल, ती मालाची असते. कॅपखालचा दात किडला तर ते कार्ड उपयोगाचं नाही.

कॅप बसवल्यावर चावताना उंच लागली तर डॉक्टर तिथल्या तिथे घासतात. घासल्यावर रबराच्या चाकांनी आणि पेस्टनं ती पुन्हा आरशासारखी चकचकीत करून घ्या. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण करून घ्या. चकचकीत झिरकोनिया समोरच्या दाढेला त्रास देत नाही. खरबरीत राहिलेला मात्र पॉलिश पेपरसारखा समोरची दाढ खात राहतो आणि तुम्हाला कळतही नाही. आणि ऊस विळ्यानं सोलून खा. सुपारी सुटली तर फारच चांगलं. कॅप सोसेल, तिच्याखालचं मूळ आणि शेजारचा तुमचा स्वतःचा दात सोसणार नाही. सुपारीनं उभे चिरलेले धडधाकट दात मी डॉक्टरांच्या टेबलावर पाहिले आहेत.

प्रश्न : मुलीला इमिटेशनचे कानातले घातले की कान चिघळतात. तिच्या दाढेला मेटल-सिरॅमिक कॅप सांगितली आहे. चालेल का? — एक आई, सातारा

उत्तर : चांगलं केलंत विचारलंत. ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण तोंड बघून ती कळत नाही. इमिटेशनच्या दागिन्यांत बहुधा निकेल असतं, आणि स्वस्तातल्या मेटल-सिरॅमिक कॅपमध्ये आतला धातू निकेल-क्रोमच असतो. कानाला सोसत नाही म्हणून तोंडात त्रास होईलच असं नाही, पण दुसरा मार्ग असताना ती परीक्षा कशाला घ्यायची? त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून निकेलची तपासणी करतात, ती करून घेता येईल. झिरकोनिया किंवा ईमॅक्समध्ये हा प्रश्नच येत नाही. बजेट मेटलचंच असेल, तर निकेल नसलेलं कोबाल्ट-क्रोम मागा आणि धातूचं नाव लॅबकडून लेखी घ्या. आम्ही देतो, द्यायलाच हवं.

या डिजिटल कामाचा एक धागा निकेलमधूनच निघाला आहे. सोनं महागलं तशी युरोपात निकेलच्या कॅप वाढल्या आणि ॲलर्जीच्या तक्रारी आल्या. स्वीडनचे मॅट्स अँडरसन यांनी त्याऐवजी टायटॅनियम वापरायचं ठरवलं, पण टायटॅनियम ओतायला फार अवघड. म्हणून 1980 च्या दशकात त्यांनी ते न ओतता मशीनवर घडवायची पद्धत बसवली, तीच पुढे प्रोसेरा नावानं गाजली आणि सिरॅमिककडे वळली. त्याच सुमारास, 1985 साली, झुरिकच्या विद्यापीठात वेर्नर म्योरमान यांनी तोंडात कॅमेरा घालून माप घेतलं आणि रोगी खुर्चीत असतानाच सिरॅमिकचा तुकडा कोरून दातात बसवला.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापकामाचं मशीन, चालवतो. डेंटल मशीनची अचूकता मायक्रॉनमध्ये सांगतात. मग माझी डिजिटल झिरकोनिया कॅप सैल का बसली? वर्षात दोनदा निघाली. आणि मशीनच सगळं करतं, तर लॅब पैसे कशाचे घेते? — एक तरुण वाचक

उत्तर : तुम्ही सीएनसीवर आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगतो. पाव इंची टूलनं आतला काटकोन कापता येतो का? टूलची जेवढी त्रिज्या, तेवढी गोलाई कोपऱ्यात राहणारच. इथेही तेच. कॅपच्या आतून फिरणारं टूल बारीक असतं, पण घासलेल्या दाताचं टोक त्याहून टोकदार असेल तर टूल तिथे शिरत नाही. मग सॉफ्टवेअर आतली पोकळी मोठी करतं, नाहीतर कॅप बसणारच नाही. तेवढ्या जागेत सिमेंट भरतं, आणि जाड सिमेंटवर कॅप हलते. ओतकामात ही अडचण नव्हती. मेण कुठल्याही कोपऱ्यात जातं. म्हणून मशीनच्या कॅपसाठी दात घासताना कडा गोल ठेवाव्या लागतात. तुमचा दात टोकदार किंवा आखूड असेल, तर मूळ दोष तिथे असू शकतो. कॅप पुन्हा चिकटवण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा.

दुसरी गोष्ट काठाची. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो, आणि माझ्या दृष्टीनं सगळी कॅप तिथेच आहे. दात आणि कॅप यांच्यामधली फट एकशेवीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण आठव्या हिश्श्याच्या, आत असावी, असं 1971 पासून धरलं जातं. मशीन त्याहून कितीतरी बारीक काम करू शकतं. पण मशीनला काठ दिसला तर!

परवाचंच सांगतो. एक स्कॅन आला, म्हणजे तोंडात कॅमेरा घालून घेतलेलं माप, खालच्या दाढेचं. स्क्रीनवर दाढ फिरवली. पुढचा काठ सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ. गालाकडचाही स्वच्छ. मागच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरभर काठ आणि हिरडी एकमेकांत विरघळली होती, ओल्या मातीवर बोट फिरवल्यासारखी. सॉफ्टवेअरनं तिथेही निमूट एक रेघ ओढून दिली, कारण त्याला कुठूनतरी रेघ न्यायचीच असते. ती रेघ दाताची नव्हती, हिरडीवर जमलेल्या रक्ताची होती. तशीच कॅप कोरली असती तर ती चकचकीत दिसली असती, पोटात सगळीकडे बरोबर बसली असती आणि तेवढ्या दोन मिलिमीटरला उघडी राहिली असती. दोन-तीन वर्षांत तिथून कीड आत.

मी डॉक्टरांना फोन केला. ते वैतागले नाहीत, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. रोगी गगनबावड्याहून येणार होता, त्याला पुन्हा बोलावलं, हिरडीत दोरा घालून ती बाजूला केली, रक्त थांबवलं आणि स्कॅन परत घेतला. दुसऱ्या स्कॅनमध्ये काठ लखलखीत दिसला. खऱ्या आणि खोट्या रेघेत तीन-चार दशांश मिलिमीटरचा फरक निघाला.

लॅब पैसे घेते ते या फोनचे, असं मी म्हणेन. मशीन रात्रभर चालतं, सकाळी कॅप तयार असते, हे खरं. पण त्यानंतर शेजारच्या दाताशी ती किती घट्ट हवी ते हातानंच बघायचं असतं. सुताचा धागा अडखळत आत जावा, फाटू नये. मेटलवर पोर्सिलेन अजूनही ब्रशनं चढतं, ओल्या वाळूसारखं, आक्रसणार हे धरून मोठं बांधायचं. अखंड झिरकोनियावरही खोबणीतला तपकिरीपणा आणि टोकाचा निळसरपणा हातानंच येतो.

म्हणून नवी कॅप करताना एक मागणी करा : स्कॅन झाल्यावर स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. तुम्हाला ड्रॉइंग वाचायची सवय आहे. दाताभोवतीची रेघ सलग दिसते की मध्येच विरघळते, हे तुमच्या डोळ्याला लगेच कळेल. कुठे विरघळलेली दिसली तर तसं बोला. दोन मिनिटांत पुन्हा स्कॅन होतो. जुन्या पद्धतीच्या मापात रबरासारखं साहित्य पुन्हा भरून पाच मिनिटं तोंड उघडं ठेवायला लागायचं, म्हणून डॉक्टरही चालवून घ्यायचे आणि आम्हीही. डिजिटलचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हा आहे.

प्रश्न : सासऱ्यांना मेंदूचा एमआरआय सांगितला आहे. तोंडात चार दातांचा मेटल-सिरॅमिक ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅप, आहे. काढावा लागेल का? — कराडहून एक वाचक

उत्तर : घट्ट चिकटवलेला ब्रिज सहसा काढावा लागत नाही. धातूमुळे त्याच्या आसपासचं चित्र विस्कटतं, त्यामुळे तपासणी जबड्याची किंवा चेहऱ्याची असेल तर अडचण जास्त, मेंदूची असेल तर कमी. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी तिथल्या टेक्निशियनना ब्रिजचं सांगा. सासऱ्यांची काढघालीची कवळीही असेल, तर ती डबीत घालून तुमच्याजवळ ठेवा.